एकाहत्तरावी ओळ

मी एक जुनी फाईल आहे, मित्रांनो. कपाटात धूळ खात पडते तसली पुठ्ठ्याची नव्हे. मी संगणकात राहते. माझं अंग एकशे बारा ओळींचं आहे आणि माझं वजन एका साध्या फोटोच्या शंभराव्या भागाइतकंही भरणार नाही. हल्ली माझ्या नावापुढे 'जुनी' असा शब्द लावून ठेवला आहे, म्हणून मीही तसं म्हणते. एरवी माझं काही दुखत-खुपत नाही.

तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. तुम्ही पाहता ते पान. फोन हातात घेता, बोट टेकवता आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत एक स्वच्छ पान उघडतं. त्यावर लिहिलेलं असतं की बेटावरून पहिली बोट किती वाजता सुटते आणि शेवटची किती वाजता. ते पान तुमच्यापर्यंत जाण्याआधी ते शिवणं, घासणं, तपासणं आणि पाठवणं हे सगळं माझ्याकडे होतं. या कामाला कार्यालयात 'बिल्ड' म्हणतात. नऊ वर्षं मी तो बिल्ड केला. आणि खरं सांगते, त्या नऊ वर्षांत एकही दिवस असा गेला नाही की मला त्याचं नवल वाटलं नाही. मी एका खोलीत बसून एक आकडा बदलायचा आणि तो त्याच क्षणी पाण्यापलीकडे दोन हजार खिशांत बदललेला असायचा. हे कसं होतं ते मला माहीत आहे, तरी नवल काही संपत नाही.

आमचं कार्यालय बेटासमोरच्या काठावर, धक्क्याच्या अगदी वर, दोन खोल्यांचं. खिडकीची काच खाऱ्या वाऱ्याने कायम धुरकट. बाहेरच्या खोलीत तिकिटांची खिडकी आणि आतल्या खोलीत दोन टेबलं. एका टेबलावर कॅप्टनकाका. त्यांनी तीस वर्षं बोट चालवली, मग गुडघ्यांनी संप केला, तेव्हापासून ते बसून वेळापत्रक लावतात. भरती-ओहोटी त्यांच्या डोक्यात असते, वही नुसती नावाला. दुसऱ्या टेबलावर ताई. बोट कंपनीचं पान तिने तयार केलं आणि मलाही तिनेच लिहिलं. कार्यालयात सगळेच तिला ताई म्हणत, तिच्या वडिलांच्या वयाचे कॅप्टनकाकासुद्धा.

माझा जन्म एका चुकीतून झाला. तेव्हा मी नव्हते, पण कॅप्टनकाकांनी ही हकिगत इतक्यांदा सांगितली आहे की मला ती तोंडपाठ झाली. फायलींना कान नसतात असं म्हणतात. म्हणोत बापडे.

त्या काळी ताईच्या टेबलामागच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. त्यावर तिच्या अक्षरात चौदा पायऱ्या लिहिल्या होत्या. वेळापत्रकात एक आकडा बदलायचा झाला तरी या चौदा पायऱ्या हाताने कराव्या लागत. सात फायली जोडून एक करायची. त्यातल्या रिकाम्या जागा आणि लिहिणाऱ्याने स्वतःसाठी टिपलेले शेरे काढून ती हलकी करायची, कारण बेटावर नेटवर्क यथातथाच. बोटीचा फोटो दाबून लहान करायचा. असं करत करत अकराव्या पायरीला फाईलच्या नावाशेवटचा आकडा वाढवायचा आणि चौदाव्या पायरीला सगळं वर चढवायचं. ताई एकेक पायरी करी आणि पेन्सिलीने बारीक टिंब देई.

ही अकरावी पायरी नीट समजून घ्या, कारण सगळं तिच्यावर अडलं आहे. फोन मोठा हुशार असतो आणि तितकाच आळशी. एकदा आणलेली फाईल तो स्वतःजवळ ठेवून देतो. दुसऱ्या दिवशी त्याच नावाची फाईल हवी असली, तर परत कोण जातो आणायला, म्हणून जवळची जुनीच काढून दाखवतो. नाव बदललं, तरच तो नवी आणायला उठतो. म्हणून दर वेळी नावातला आकडा वाढवायचा.

त्या वर्षी बेटाच्या धक्क्याशी गाळ साचला. सकाळच्या ओहोटीला बोटीचा तळ घासू लागला. कॅप्टनकाकांनी ठरवलं की उद्यापासून पहिली बोट सव्वाआठऐवजी साडेसातला सोडायची. दुपारी त्यांनी ताईला चिठ्ठी दिली. ताई कामाला लागली, दहा पायऱ्या झाल्या, आणि तेवढ्यात काकांनी चहाला हाक मारली. ती चहा पिऊन आली आणि थेट बाराव्या पायरीवर बसली. अकराव्या पायरीपुढे टिंब दिलेलं नव्हतं, पण कागदावर आधीच्या महिन्यांची इतकी टिंबं होती की एक कमी असलेलं कुणाला दिसणार? काम संपल्यावर तिने आपल्या संगणकावर पान उघडून पाहिलं. तिचा संगणक रोज जुनं पुसून टाकणारा, त्यामुळे त्याने ताजं पान आणलं. साडेसात. सगळं बरोबर होतं.

ताईची आई बेटावर एकटी राहायची. तिची मूत्रपिंडं दमली होती. आठवड्यातून तीन दिवस ती पहिल्या बोटीने या काठाला यायची आणि दवाखान्यात यंत्राला लावून तिचं रक्त शुद्ध करत. तिची वेळ सव्वानऊची ठरलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नेहमीप्रमाणे फोनवर पान उघडलं, सव्वाआठ पाहिलं आणि बरोबर आठला धक्क्यावर आली. बोट केव्हाच गेली होती. धक्क्यावर तिच्यासारखी आणखी अठरा माणसं उभी होती. पुढची बोट अकराला.

आईने ताईला फोन केला. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"अगं, मी बघूनच निघाले होते," ती म्हणाली. "तुझ्याच पानावर सव्वाआठ लिहिलंय."

"माझ्याकडे तर बरोबर दिसतंय," ताई म्हणाली.

हे म्हणताक्षणी तिला कळलं आणि ती खुर्चीत मागे टेकली. कॅप्टनकाका सांगतात, त्यांनी वादळात माणसं घाबरलेली पाहिली आहेत, पण ताईचा तेव्हाचा चेहरा ते विसरलेले नाहीत.

त्या दिवशी दवाखान्यात आईची जागा दुसऱ्याला गेली. तिला दोन दिवसांनी बोलावलं. त्या दोन दिवसांत तिचे पाय सुजले आणि खाटेवरून उठून दारापर्यंत जायलाही तिला धाप लागू लागली. तिसऱ्या दिवशी उपचार झाला, आई सावरली. तिने लेकीला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि ताईला तेच सहन झालं नाही.

त्याच आठवड्यात तिने मला लिहायला घेतलं. पहिल्या दिवशी मी नऊ ओळींची होते. नऊच, पण मी त्या चौदा पायऱ्या ओळीने करत होते, न चुकता, आणि मला चहाला कोणी बोलावत नव्हतं. ताई कळ दाबायची आणि मी निघायचे. पुढे तिने मला अशी सवय लावली की ती फाईल जतन करून बोट उचलते न उचलते तोच मी आपणहून धावू लागायचे. सात फायली एक करायच्या, फोटो दाबायचा, आणि अकरावी पायरी? त्या पायरीचं तर मला आजही नवल वाटतं. ताईने आकडा वाढवणं बंदच करून टाकलं. फाईलमध्ये जे लिहिलं आहे त्यावरूनच मी तिचं नाव तयार करायचे. आत सव्वाआठचं साडेसात झालं की नाव आपोआप पार बदलून जायचं. एक टिंब हललं तरी नाव निराळं. विसरायला काही उरलंच नाही.

मग माझ्या ओळी वाढत गेल्या. एकदा नेटवर्क मध्येच तुटलं आणि पान अर्धं चढलं, त्यातून सहा ओळी आल्या. एकदा काकांनी वेळ लिहिताना 'साडेतेरा' लिहिलं, त्याबद्दल दोन ओळी. माणसं आपल्या चुका विसरतात. माझ्या पोटात प्रत्येक चूक तारखेसह जागच्या जागी आहे. बाहेर जाणाऱ्या फायलींतले सगळे शेरे मी खरवडून काढायचे, कारण लोकांना ते कशाला हवेत? पण माझ्या अंगावरचे शेरे तसेच राहिले, कारण मी कुठे जातच नाही.

आणि मग एकाहत्तरावी ओळ. ती ताईने सगळ्यात शेवटी लिहिली आणि सगळ्यात जास्त वेळ घेऊन लिहिली. पान चढवून झालं की या ओळीने मी काल येऊन गेलेल्या फोनचं सोंग घ्यायचे. कालचा सगळा साठा जवळ ठेवून, अगदी आईच्या फोनसारखी, बाहेरून पानाचं दार ठोठावायचे. समोर पहिल्या बोटीची जी वेळ दिसेल ती कॅप्टनकाकांच्या तक्त्याशी ताडून पाहायचे. जुळली नाही, तर कार्यालयात घंटा वाजवायची आणि सगळं थांबवायचं. जुळली, तर पडद्यावर चार शब्द लिहायचे: 'जुळलं. आई वेळेवर पोचेल.'

या ओळीच्या डोक्यावर ताईने शेरा लिहिला होता: 'ही ओळ माझ्या आईसाठी आहे. काढायची असेल तर आधी पहिल्या बोटीच्या वेळी बेटाच्या धक्क्यावर जाऊन उभे राहा.'

कार्यालयात मग तशीच बोली पडली. बिल्ड झाला का, असं कोणी विचारत नसे. कॅप्टनकाका वहीतून मान वर न करता म्हणायचे, "पोचली का गं आई?" आणि ताई म्हणायची, "पोचली." तिकिटाच्या खिडकीवरची माणसंही तसंच विचारू लागली. मला वाटायचं, जगातल्या कुठल्याही कार्यालयात इतकं छान विचारत नसतील.

आठ वर्षं आई वेळेवर पोचत राहिली. मग एका वर्षी ती आजारानेच गेली, बोटीमुळे नव्हे. ताई दहा दिवसांनी कामावर आली. तिने मला उघडलं आणि एकाहत्तराव्या ओळीपाशी बराच वेळ थांबली. मला वाटलं, आता ती शब्द बदलणार. मी वाट पाहिली. तिने काही बदललं नाही. कळ दाबली, मी धावले आणि पडद्यावर लिहिलं, आई वेळेवर पोचेल. काकांनी त्या दिवशी विचारलं नाही. ताईच म्हणाली, "काका, पोचली."

पुढच्या वर्षी ताईला दुसऱ्या शहरात काम मिळालं आणि ती गेली. तिच्या जागी एक इंजिनिअर आला. माणूस वाईट नव्हता. कामाचा वाघ होता. फक्त त्याला माझा संथपणा बघवत नसे. बिल्डला मला चार मिनिटं लागायची. हा पहिल्याच दिवशी घड्याळ लावून बसला आणि म्हणाला, "चार मिनिटं? या कामाला अकरा सेकंद पुरतात." तेव्हापासून मी मनात त्याचं नाव अकरासेकंद ठेवलं.

त्याने नवं अवजार आणलं. मित्रांनो, मी हेवा करायला हवा होता, पण खोटं कशाला बोलू? मी थक्क झाले. जे मी एकामागून एक करायचे ते हे अवजार एकाच वेळी करायचं. जी फाईल बदलली तेवढीच उचलायचं, बाकीच्यांना हातही लावायचं नाही. सात फायली जोडायला मला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात त्याचं सगळं आवरूनही व्हायचं. वर त्याने एक नवी सोयही दिली होती: नेटवर्क गेलं तरी फोनवर पान दिसत राहील. बेटावरच्या माणसांना याहून काय हवं? मी म्हातारी झाले हे मला त्या दिवशी पटलं.

अकरासेकंदाने माझी एकेक ओळ वाचून नव्या अवजारात नेली. एकाहत्तरावीपाशी आला, शेरा वाचला आणि हसला. ती ओळ एकटी पन्नास सेकंद खात होती. त्याने ती सोडून दिली.

त्याच संध्याकाळी कॅप्टनकाकांनी सवयीने विचारलं, "पोचली का आई?"

"काका, तो मेसेज काढला मी," तो म्हणाला. "आता नुसतं 'पूर्ण' असं येतं. कुणाची तरी जुनी गंमत होती ती."

काकांनी वही मिटली. ते रागावतील असं मला वाटलं होतं. पण ते एवढंच म्हणाले, "परवापासून पहिली बोट आणखी अलीकडे, सव्वासातला करायची आहे. गाळ वाढलाय. ते लावा तुम्ही. पण उद्या सकाळी माझ्याबरोबर चला. कर्मचाऱ्यांची बोट साडेसहाला रिकामी जाते."

"कशाला?"

"शेऱ्यात लिहिलंय ना. वाचलात की."

पुढचं मी पाहिलेलं नाही. काका परत आल्यावर तिकिटाच्या खिडकीवर सांगत होते, तेवढंच मला माहीत. सात वाजता बेटाच्या धक्क्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, म्हणे. इंजिनिअर घड्याळ बघत होता. सव्वासात झाले तरी चार-पाच माणसं. आणि मग सव्वासात ते साडेसात या पंधरा मिनिटांत सगळं बेट आलं. दप्तरं घेतलेली मुलं, दुधाचे कॅन, पांढऱ्या बुटांतली परिचारिका, कडेवर तान्हं घेतलेला एक बाप. कोणी धावत नव्हतं. कोणी कोणाला वेळ विचारत नव्हतं. प्रत्येकाने घरून निघताना फोनकडे एकदा पाहिलं होतं आणि तेवढ्यावर तो घराबाहेर पडला होता. सात सव्वीसला एक बाई आली, हातात दवाखान्याची पिशवी, पायांना सूज. इंजिनिअरने पुढे होऊन तिची पिशवी घेतली.

"आजी, चार मिनिटंच राहिलीत," तो म्हणाला. "लवकर नाही का निघायचं? चुकली असती तर?"

"कशी चुकेल?" ती म्हणाली. "फोनवर लिहिलेलं असतं ना. लवकर येऊन उभं राहायची ताकद नाही रे बाबा माझ्यात. बरोबर वेळेला येते."

बोटीत काकांनी त्याला ताईच्या आईची हकिगत सांगितली.

कार्यालयात येऊन त्याने आधी मला उघडलं. एकाहत्तरावी ओळ शब्दन् शब्द नव्या अवजारात नेली. मग उद्याची नवी वेळ, सव्वासात, लावून बिल्ड चालवला. अकरा सेकंद झाले. मग त्या ओळीने कालच्या फोनचं सोंग घेतलं, बाहेरून दार ठोठावलं आणि कार्यालयात घंटा वाजली.

त्याने स्वतःच्या संगणकावर पान उघडून पाहिलं. सव्वासात. पुन्हा बिल्ड चालवला. पुन्हा घंटा.

"माझ्याकडे तर बरोबर दिसतंय," तो म्हणाला.

कॅप्टनकाकांचा पेन हवेत थांबला. नऊ वर्षांपूर्वी याच खोलीत त्यांनी हेच वाक्य ऐकलं होतं. त्यांनी तसं सांगितलं, आणि इंजिनिअरने एकेक फाईल उघडून तपासायला घेतली.

दोष त्याच्या त्या नव्या सोयीत निघाला. नेटवर्क नसताना पान दिसावं म्हणून फोन आता पूर्वीपेक्षा घट्ट साठा धरून बसत होता. नेटवर्क असतानाही तो आधी तो साठाच दाखवायचा. फायलींची नावं कितीही बदला, फोन ती विचारायला जातच नव्हता. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी बेटावर दोन हजार फोनांनी साडेसात दाखवलं असतं आणि बोट सव्वासातला निघून गेली असती. सात सव्वीसला पिशवी घेऊन आलेल्या त्या बाईने रिकामं पाणी पाहिलं असतं.

दुपारचं जेवण त्याने टेबलावरच बाजूला सारलं. चार वाजेपर्यंत तो खपत होता. मग एकदाचा पडदा उजळला आणि खाली चार शब्द आले. तो पाहत राहिला. मग खुर्ची वळवून म्हणाला, "काका, पोचली."

"किती सेकंदांत?" काकांनी विचारलं.

"पन्नासची मी चांगली छाटली. तीन केली. चौदा सेकंद."

म्हणजे मी ठेवलेलं नावही फुकट गेलं. पण मित्रांनो, मला त्याचं इतकं कौतुक वाटलं की काय सांगू. मी नऊ वर्षांत जे केलं ते याने एका दिवसात आपलंसं केलं होतं. ताईच्या शेऱ्याखाली त्याने स्वतःची एक ओळ जोडली: 'जाऊन उभा राहिलो. काढू नका.'

संध्याकाळी काकांनी ताईला फोन लावला. म्हणाले, "अगं, नवं यंत्र आलंय. त्यानेही सांगितलं. आई वेळेवर पोचेल." मग ताई म्हणाली, "बरं झालं काका. तिला फार घाई करायला लावू नका."

आता मी चालत नाही. माझ्या नावापुढे 'जुनी' लिहून मला एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये ठेवलं आहे, आणि मी कधी पुसली जाईन ते सांगता येत नाही. त्याचं मला दुःख नाही. एकच मागणं आहे, मित्रांनो. तुम्ही मोठे व्हाल, माझ्याहून वेगवान गोष्टी कराल. त्या वेळी जुन्यातली एखादी ओळ उगाच वेळ खाते आहे असं वाटलं, तर ती जरूर काढा. पण आधी ती कोणासाठी लिहिली होती ते विचारा आणि जमलं तर तिथे जाऊन उभे राहा. उद्या सकाळी सव्वासातला बेटाच्या धक्क्यावरून पहिली बोट सुटेल. पाय सुजलेली एक बाई सात-अकराला तिथे येईल, फोनवर विसंबून, बेताच्या चालीने. तिला ना ताई ठाऊक, ना मी. ती वेळेवर पोचेल.